शेवाळ, एवढा एकच शब्द

थर्टल लांब काठी चिखलात रोवतो, ढकलतो,
उपसतो, आणि दर वेळी हिकलिंगच्या चिखलाबद्दल
काहीतरी वाईट बोलतो.
मी होडीत पुढे, मांडीवर वही,
पायाशी दोरीला बांधलेलं दाताळं.
जुलै आहे. स्वेटरही आहे.

पहिल्याच ओढीत ती वर आली.
राखट हिरवी, हाताला खरखरीत,
अंगावर चुन्याचं पूट,
पेरापेराला फांद्यांचं कडं,
आणि वास सोललेल्या लसणाचा.
नॉरफकच्या पाण्यातून, घरापासून सात हजार किलोमीटरवर,
तेल तापायच्या आधीचा तो क्षण.
"स्टोनवर्ट," थर्टल म्हणाला. "हंस खातात."

खोडासारखं काहीतरी. पानांसारखं काहीतरी.
मुळांसारखे धागे, गाळात रुतलेले.
कुणीही म्हणेल, हीच ती.
पंचेचाळीस-सत्तेचाळीस कोटी वर्षांमागे
ओल्या काठावर पहिल्यांदा जे टिकून राहिलं,
चिंच, गहू, बाभूळ, समोरचा हा बोरू,
सगळ्यांचं ज्याच्याशी रक्त लागतं,
ते हिच्याच घरातलं असणार.
बराच काळ शहाण्यांनाही तसंच वाटलं.

मग कुणी पेशीच्या आतली अक्षरं
एकाखाली एक मांडून ताडून पाहिली.
ही निघाली लांबची.
आणि अगदी लगतच्या घरात कोण, तर
डबक्यातला तो बुळबुळीत हिरवा केस,
बोटाला चिकटला की आपण झटकतो तो.
पेशीला पेशी लावलेला नुसता दोरा,
आत हिरवी फीत, गोल जिन्यासारखी वर गेलेली.
कधी दोन दोरे शेजारी पडतात,
मधे पूल घालतात,
आणि एकातलं होतं नव्हतं ते दुसऱ्यात निघून जातं.
मागे रिकाम्या खोल्यांची चाळ.
एवढंच. याच्यात झाडासारखं
काही म्हणजे काही दिसत नाही.

आमच्याकडे याला शेवाळ म्हणतात.
विहिरीच्या पायरीवरची मखमलही शेवाळच,
ती खरं तर वनस्पती, कधीची जमिनीवर आलेली.
सातवीत मी उठून विचारलं होतं,
दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव कसं?
पिसोळकर बाई म्हणाल्या,
"पाय घसरतो ना दोन्हीवरून? बस खाली."
कितीतरी वर्षं मी हे
आपल्या भाषेच्या आळसाचं उदाहरण म्हणून सांगत आले.
आज होडीत वाटलं,
तिनं दोघांना आधीच एका पंगतीत बसवलं होतं,
कुणाला न विचारता, पत्रिका न बघता.

थर्टलला हे सगळं सांगितलं,
पंगत सोडून.
तो काही बोलला नाही.
त्याची मुलगी लिंकनला असते.
नाक तेच, हनुवटी तीच,
भुवया आवळायची रीतसुद्धा तीच, फोटोत दिसते.
मार्चमध्ये त्याचा गुडघा कापला तेव्हा
फॉर्मवर 'जवळची व्यक्ती' या रकान्यात
त्यानं माझं आडनाव लिहिलं,
स्पेलिंग दोनदा विचारून, तरी चुकीचं.

वारा पडला. पाणकोंबडी बोरूत शिरली.
मी वहीत लिहिलं: जागा सात, स्टोनवर्ट, दाट.
खाली: हिरवे धागे, भरपूर.
त्यांच्यासाठी छापील रकाना नव्हता,
समासात लिहिलं.

धक्क्याला लागल्यावर तो ब्रश घेऊन
होडीच्या कडेचं हिरवं घासायला बसला.
मधेच थांबला.
"नातेवाईक म्हणालीस?"
"हो. जवळचे."
"मग घासायलाच हवेत," म्हणाला,
आणि घासू लागला, जोरात,
पाणी माझ्या बुटांवर उडेपर्यंत.

त्या दिवशी एकच बाजू झाली.
दुसरी तशीच राहिली, ओली, चमकत.
गुडघा दुखतोय, म्हणाला.