गढूळ आठवडे

पावणेचार वाजले होते. रात्र अशी झालीच नाही,
उजेड नुसता टेकडीमागे पाठ टेकून बसला होता.
मी तिपाई खांद्यावर टाकली
आणि रिकाम्या मेंढवाड्यामागून उतरलो.
मेंढ्या जूनपासून वर, उघड्या माळावर;
कुरणात फक्त पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले
गवताचे गोल गठ्ठे.
उल्फार त्यांना ट्रॅक्टरची अंडी म्हणतो
आणि दर वेळी आधी स्वतःच हसतो.

जे बघायला आलो ते होतं तिथे.
काळ्या कातळाचे खांब, सहा बाजूंचे, पाच बाजूंचे,
काही ताठ, काही पंख्यासारखे उलगडलेले,
एका वळणावर तर जळण रचावं तसे आडवे.
लाव्हा निवताना आक्रसतो, तडकतो,
पण तडकतो तेही हिशेबानं.
तळाला निळंहिरवं पाणी,
इतकं नितळ की फोटोत खोटं वाटेल.
आठ सेकंद. पंधरा. तीस.
मी नदीचं दूध केलं. सगळेच करतात.

ग्रोआ कुंपणाच्या तारा ताणत आली, तोंडात दोन खिळे.
खिळे काढून म्हणाली,
"तू उभा आहेस ना, त्याच्या हातभर खाली पाणी असायचं.
हे खांब आम्ही कुणी पाहिलेच नव्हते.
चाळीस वर्षं कोल्गाच्या उशाशी झोपले मी,
तिच्या पोटात हे आहे, याचा पत्ता नाही."

मग वर कुठेतरी धरण झालं.
वीज कारखान्याला गेली,
पाणी बोगद्यातून शेजारच्या खोऱ्यात,
आणि इथे ही घळ राहिली,
झोपेत कुणी पांघरूण ओढून न्यावं तशी.

"पहिल्या हिवाळ्यात झोपच लागेना.
आवाज गेला होता ना.
आई रात्रीची उठून खिडकी उघडायची, उणे बारात,
तिला वाटायचं, काच लावलीय म्हणून ऐकू येत नाही."

काय बोलावं सुचेना म्हणून मी म्हणालो,
या जातीच्या दगडावर आमच्याकडे चटणी वाटतात.
ती खांबांकडे बघत राहिली.
"इथे नदीनं दगडच वाटायला घेतला होता," म्हणाली,
"काम अर्धं टाकून गेली."

आता दिवसाला चाळीस गाड्या येतात.
उल्फार वाफल विकतो, वर रूबार्बचा मुरंबा.
छप्पर त्यातूनच नवं झालं; ते ती लपवत नाही.

निघताना तिनं समोरच्या कड्यावर बोट दाखवलं.
उंच, खांबांच्याही माथ्याजवळ, एक आडवी रेघ:
रेघेच्या वर दगडफूल, करडं, जुनं,
खाली कातळ अजून कोराच.
"फोटो काढायचाच तर याचा काढ.
खांबांचे आहेत सगळ्यांकडे."
मी काढला. प्रकाश सपाट,
फ्रेममध्ये बघण्यासारखं काही नाही,
एक रेघ, तीही किंचित वाकडी.
तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंगठा ठेवून
ती या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली.

ऑगस्ट सरताना तिचा निरोप आला.

धरण भरलं. परवा रात्री सांडवा सुटला.
पाणी कॉफीच्या गाळासारखं,
खांब निम्मे बुडाले, काहीच दिसत नाही.
एक बस आली आणि तशीच वळून गेली.
लोक उल्फारशी भांडले, जणू त्यानंच ढवळलंय.
तीन आठवडे असंच चालेल, जास्तीत जास्त चार.
खिडकी उघडी ठेवतो आम्ही.
काल मी साडेनऊपर्यंत झोपले,
कुंपण तसंच राहिलं,
वाफल उरली,
कुत्र्याला घातली.