कड

पहाटे सव्वाचारला पिनॉक आजोबांच्या स्वयंपाकघरात
दिवा लागतो. चाळीस वॅटचा, पिवळा,
दुकानात आता न मिळणारा.
साखर तपासायला उठतात ते. बोटाला टोचतात,
आकडा बघून स्वतःशीच काही पुटपुटतात,
किटली ठेवतात.

त्या दिव्याची तिरीप मागच्या बोळात येते,
कचऱ्याच्या तीन डब्यांमधून, तिरकी,
टॉटरडाउनच्या त्या चढावर
जिथे सायकल हातात धरूनच न्यावी लागते.
मी तिथे बसते.
टपाल निवडायची रात्रपाळी संपवून,
बोटांना अजून पाकिटांच्या डिंकाचा वास,
गुडघ्याखाली दुमडलेलं पोतं,
डोळ्यांत तेल.

पहिल्या वर्षी फ्लॅश मारला होता मी.
फोटोत आली: डोळ्यांच्या जागी दोन हिरवी बटणं,
तोंडात कोंबडीचं हाड,
मागे भिंत, विटान् वीट लख्ख.
चौकीत चोराचा काढतात तसा.
कोल्हीण अकरा दिवस फिरकली नाही.
त्या अकरा दिवसांत वडील ऐकू यायचे,
प्रगतिपुस्तक हातात धरून:
काय उजेड पाडलास?

मग कमी करत गेले.
आधी फ्लॅश पिशवीत गेला, मग बॅटरी.
मग नगरपालिकेनं नारिंगी दिवे काढून
पांढरे लावले बोळाच्या तोंडाशी, ऑपरेशन थिएटरसारखे,
तेव्हा मी भिंतीच्या कोनाआड सरकले
जिथे त्यांचा हात पोचत नाही.
उजेड समोर, जनावर मध्ये, आपण काळोखात.
एवढं कळायला दोन हिवाळे गेले.
कॅमेरा सांगत राहतो, काहीच दिसत नाहीये,
काटा उणेच्या टोकाला लुकलुकतो.
लुकलुकू दे.

कारण ती येते तेव्हा
आधी तिचा श्वास येतो,
गारठ्यात वाफ, वाफेला हळदीचं बोट लागलेलं.
मग मिशा, एकेक, तापल्या तारेसारख्या.
मग कानातली लव.
मग पाठीची एकच लांब रेघ
शेपटीच्या टोकापर्यंत न तुटलेली.
बाकी काही नाही.
तांबडा रंग नाही, डोळे नाहीत,
खरजेनं उघडी पडलेली मांडी नाही.
दिवा तिची तेवढी कड घेतो.
कड घेणं म्हणतात ते हेच असावं:
मागे उभं राहायचं
आणि सगळं सांगायचं नाही.

मार्चमध्ये आजोबांना न्यायला गाडी आली.
नऊ पहाटे खिडकी काळी.
मी बसायचे तरी. सवयीनं म्हणा.
ती आली, एकदा, बहुतेक गुरुवारी,
फरशीवर नखं वाजली, डब्याचं झाकण हललं,
माझ्या बुटाशी थांबली की काय कोण जाणे.
बटणावर बोट होतं. दाबलं नाही.

दहाव्या दिवशी खिडकी उजळली, पण पांढरी.
मुलीनं, शर्लीननं, सगळे दिवे बदलले होते,
बाबांना पायऱ्या दिसाव्यात म्हणून.
कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?
आठवडाभर काही बोलले नाही. मग एक प्रिंट काढली,
जानेवारीतली, आणि दार वाजवलं.

त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली,
चष्मा कपाळावर चढवला.
'काळा कागद आहे हा. यात कोल्हा कुठाय?'
मी त्यांचं बोट धरलं, टोचून टोचून राठ झालेलं,
आणि कानापासून शेपटीपर्यंत रेघेवरून फिरवलं.
ते बराच वेळ गप्प.
मग सिंकखालचा खोका पायानं ओढला,
त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले, जपून ठेवलेले,
सहा पिवळे बल्ब.

आता ती प्रिंट त्यांच्या फ्रिजवर आहे,
इन्सुलिनच्या तक्त्याशेजारी.
मलमपट्टीला येणारी नर्स विचारते, कसला फोटो?
ते कोल्ह्याचं नाव काढत नाहीत.
माझंही नाही.
'तो? तो माझा दिवा,' म्हणतात.