भरतीची पट्टी

आचऱ्याच्या विश्रामगृहात, पंख्याखाली,
प्रकटनाचा नमुना भरत बसलो तेव्हा
मला स्वतःच्या प्रामाणिकपणाचं जरा कौतुकच वाटत होतं.

लिहिलं : सोसायटीचे सचिव मोतीराम जुवाटकर
माझ्या मेव्हण्याच्या वर्गात होते, सातवीपर्यंत.
लिहिलं : सोसायटीच्या एका होडीवाल्याने
चतुर्थी सरल्यावर दोनदा सरंगे आणून दिले,
पैसे घेतले नाहीत. मी फार आग्रह केला असंही नाही.
लिहिलं : कंपनीच्या वकिलांच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो,
जेवलो, आहेर पाचशे एक.
सोलकढी दोनदा घेतली, हेही लिहिलं होतं.
मग खोडलं. चेष्टा वाटेल म्हणून.

वकिलांनी कागद वाचला, हसले.
इतकं कोण लिहितं, साहेब? आमची हरकत नाही.
मोतीराम म्हणाले, आमचीही नाही.

वाद गाळाचा.
कंपनी म्हणते, खाडीच्या मुखाशी तीन मीटर खोदून दिलं.
सोसायटी म्हणते, ओहोटीला ट्रॉलर बुडाशी घासतात,
पंधरवड्यात दोघांचे पंखे मोडले.
मधे मी. बंदर खात्यात एकतीस वर्षं.
पाण्याची खोली मला नुसत्या आवाजावरून कळते
असं लोक म्हणतात, आणि मी म्हणू देतो.

तेवढ्यात लीलावती कुबल उठल्या.
लिलावात ओरडून ओरडून घोगरा झालेला आवाज.
कागद त्यांनी वाचला नव्हता, ऐकला होता.
"साहेब, सरंग्याचा लिवलात, ता बरा केलात.
पण तुमका हंय बोलवल्यान कोणी?
आणि ह्याच्याआदी कितीदा?"

पंखा फिरत होता.

कोणी, ते करारात आहे. कलम एकवीस :
मतभेद झाल्यास कंपनी नेमील तो लवाद.
कितीदा, ते मला मोजावं लागलं नाही.
ही चौथी वेळ.
तीन निवाडे दिले, तिन्ही कंपनीच्या बाजूने,
आणि तिन्ही, अजूनही छातीवर हात ठेवून सांगेन, बरोबर.
तिन्हींच्या फीतून घरावर माडी चढली, चिऱ्याची,
तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो.

नमुन्यात विचारलं नव्हतं असं नाही.
रकाना होता, सातवा.
त्यात मी सुबक अक्षरात 'लागू नाही' लिहिलं होतं
आणि पुढे सरकलो होतो, सरंग्यांकडे.

जेवणाच्या सुट्टीत जेवलो नाही. धक्क्यावर गेलो.
खांबाला ठोकलेली भरतीची पट्टी, काळी-पांढरी,
खालच्या आकड्यांवर कालवं चढलेली.
ब्याण्णव साली अशाच एका पट्टीवरून
आम्ही वर्षभर आकडे टिपले होते, पहाटेसुद्धा, कंदील घेऊन.
सगळे चुकले.
पट्टी चोख होती. रेघ न् रेघ चोख.
धक्काच खचत होता, तसूतसूने, पट्टीला कडेवर घेऊन,
आणि आम्ही समजत होतो पाणी खोल होतंय.
अहवाल मीच लिहिला होता :
पट्टी धक्क्याला ठोकू नये.
वेगळ्या कातळावर रोवावी.

तीन वाजता परत बसलो.
सातव्या रकान्यातलं खोडलं, चारही नेमणुका लिहिल्या,
फीच्या आकड्यांसकट. अक्षर चांगलं आलं नाही.
त्याखाली दोन ओळी, मी या कामातून बाजूला होतो, म्हणून.
वकील या वेळी हसले नाहीत. मोबाईल घेऊन व्हरांड्यात गेले.
मोतीराम माझ्याकडे बघत होते,
मी त्यांचाच काहीतरी तोटा केल्यासारखे.

लीलावतीबाईंनी पिशवी काखेत मारली.
"मगे आता तुमच्या जाग्यार कोण?"

मी करार पुन्हा उघडला. पान नऊ.
कलम एकवीस होतं तिथेच होतं.

खिडकीबाहेर ओहोटी लागली होती.
मुखाशी एक ट्रॉलर उभा होता, इंजिन बंद करून,
पाणी येईपर्यंत.