चौथ्या गिअरला अक्षर नाही

जुना गिअरबॉक्स मी गुडघ्यावर झेलला.
जॅक तिरका झाला होता, दुसरा इलाज नव्हता.
पासष्ट सालच्या हिरव्या पिकअपचा. त्याला गिअर दोनच:
एक निघायला, एक जायला.
बाबा म्हणायचे, तिसरं काय करायचं असतं माणसाला?

त्या दोन गिअरांवर त्यांनी जन्म काढला.
गवताचे भारे, वासरं, एकदा चर्चची घंटा,
एकदा मी, मनगट मोडलेली,
आणि नोव्हेंबरात एकदा आई, जाताना बसून.
पन्नासच्या पुढे इंजिन असं बोंबलायचं
की गाडीत कुणी कुणाशी बोलत नसे.
तो इंजिनचा दोष, असंच आम्ही धरून चाललो.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार नॉर्थ प्लॅट.
पासष्ट मैल जाणं, पासष्ट येणं,
मधे चार तास खुर्ची, दंडात दोन सुया.
"मागचे ट्रकवाले दिवे मारतात," एवढीच तक्रार.
माझ्या गाडीतून चला म्हटलं, तर तिच्याकडे बघतात
परक्याच्या ताटाकडे बघावं तसं.

म्हणून हा. ठोकलेल्या एका पोलीसगाडीतून काढलेला,
चार गिअरांचा, अंगाने तीन इंच लांब.
तेवढाच मागचा शाफ्ट आखूड करायचा.
ब्रोकन बोच्या एमिल व्होबोरिलने तो कापला, जोडला,
फिरवून डोळा बारीक करून पाहिला
आणि कापलेलं कडं कागदात बांधून दिलं,
बाळाचं पहिलं जावळ द्यावं तसं.

चेसिसला चार नवी भोकं पाडली.
ड्रिलचा आवाज ऐकून बाबा अंगणात आले,
थोडा वेळ उभे राहिले, आत गेले.

मग थ्रॉटलची केबल. सगळा जीव तिच्यात.
पाय किती दाबलाय, हे बॉक्सला तीच सांगते.
ती जरा सैल राहिली
तर आतले क्लच जळतात, आणि जळेपर्यंत
बाहेर काहीच कळत नाही.
तीन रात्री मी तेवढीच केबल लावत होते.

तेल ओतलं, लालभडक.
बाबा बादली उलटी करून तिच्यावर बसलेले.
"माझंही आठवड्यातून तीनदा गाळतात," म्हणाले,
"पण लबाड, जुनंच परत भरतात."

स्टिअरिंगखालची पट्टी मात्र मूळचीच ठेवली.
तिच्यावर अक्षरं पाच, दांड्याला खटके आता सात.
चौथ्या गिअरला अक्षरच नाही.
तिथे मी नेलपॉलिशचा ठिपका दिला.
बाटली आईची. तळाशी उरलेलं, थिनर घालून पातळ केलेलं.
बाबांनी ठिपका पाहिला. रंग ओळखला की नाही, कोण जाणे.

शुक्रवारी पहाटे तेच चालवत होते.
स्टेपलटन मागे पडलं, रस्ता सरळ झाला,
आणि तो पडला, चौथा.
हिसका नाही, काही नाही. नुसता आवाज खाली बसला,
शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बंद करावा तसा.

दोन्हीकडे वाळूच्या टेकड्या, गवत, एक पवनचक्की.
मधे आम्ही दोघं, साठच्या वेगात, उघडे पडलेले.
त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.
माझा त्यांना येत असणार.

बाबांनी काच खाली केली, वारा तरी बोलेल म्हणून.
थंडी वाजली. पुन्हा वर केली.
मैलांच्या तीन पाट्या गेल्या.

"काय खडखडतंय गं?"

समोरच्या कप्प्यात शाफ्टचं कडं होतं.
मी सांगितलं.

"ते कशाला ठेवलंस?"

उत्तर होतं माझ्याकडे. बरंच लांब होतं.
सुरुवात केली, आणि जुन्या सवयीने
घसा ताणून, इंजिनच्या वरताण.

"ओरडू नकोस, लीडा," बाबा म्हणाले,
रस्त्यावरून नजर न काढता.
"येतंय ऐकू."

अजून एकोणीस मैल होते.