पाऊण आटा

घाटात उलटलेल्या मोटारीची बॅटरी
अंबडच्या शेडमध्ये आली तेव्हा
झाकणाच्या खाचेत काचेचा चुरा होता
आणि एक निळा खडू, कुणा पोराचा.

खडू मी खिडकीत ठेवला.
सेल मोजले. सोळा धड, दोन मेलेले,
एक टम्म फुगलेला, अकरा नंबरचा.
इद्रिस म्हणाला, ताई, दाबून बसवू त्याला.
नाही बसत. आत वायू धरला की धरला.
दाब हे औषध नाही, पथ्य आहे,
दुखण्याआधी पाळायचं.

सोळा उभे केले, मध्ये फायबरचे पातळ पत्रे,
दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमच्या जाड पाट्या,
चार कोपऱ्यांतून चार आटेदार सळया,
नटांखाली जुन्या बाजारातल्या स्प्रिंगा.
तांब्याच्या पट्ट्या तांबट लेनमधून
(तिथे विचारलं, बाई, हंडा नको का?)

आप्पा स्टुलावर बसून बघत होते.
बायपासला सव्वा महिना.
छातीला पट्टा, मांडीवर ती रेक्झिनची लाल उशी,
खोकला आला की घट्ट धरायची.
तीस वर्षं प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की
कसली, असं कुणी विचारत नाही.
म्हणाले, आम्ही कागद दाबला की पैसे व्हायचे,
तू काय दाबतेस?

मी म्हटलं, श्वास.
मग वाटलं, हे जरा जास्तच झालं,
म्हणून नीट सांगितलं:
भरताना एकेक सेल तुमच्या एका नोटेइतका फुगतो,
रिकामा होताना बसतो. रोज. वर्षानुवर्षं.
मोकळा सोडला तर आतले थर सुटतात,
आवळला तर चिरडतात.
म्हणून स्प्रिंग. धरायचं, पण हलू द्यायचं.

आप्पांनी पट्ट्याचं वेल्क्रो चर्रकन सोडलं,
किंचित सैल करून पुन्हा लावलं.
बोलले काही नाहीत.

तिरक्या क्रमाने, या कोपऱ्याला एक आटा, त्या कोपऱ्याला एक.
व्हर्नियरवर स्प्रिंग बावीसवरून अठरावर.
इद्रिसचा हात जड. शेवटचा नट
त्याने करकचून आवळला, पाटी धनुष्यासारखी वाकली.
पाऊण आटा मागे घे,
आप्पा म्हणाले, मी बोलायच्या आधी.

ही जाणार देवळाली गावात,
सरोजिनी त्रिभुवनच्या कुल्फीच्या फ्रीझरला.
रात्री पहिल्यांदा भरायला लावली.
पंखा बंद केला. ऐकू येण्यासारखं काही नसतं,
तरी बंद केला.

दोन वाजता स्प्रिंग साडेसोळा.
आप्पा बाकावर झोपलेले, उशी खाली पडलेली,
पट्टा वर, पट्टा खाली.
मी व्हर्नियर पुसून खिशात ठेवला.
मग परत काढला
आणि वाळूच्या बादलीत ठेवलेल्या
अकरा नंबरचं पोट मोजलं.

संध्याकाळी होतं तेवढंच नव्हतं.