तऱ्हा

रात्री दोन वाजता, खराडीच्या नवव्या मजल्यावर
कुणीही नसताना
माझी स्क्रिप्ट कामाला लागते.
दोन हजार तीनशे चौदा वेळा
एक खोटा माणूस लॉगिन करतो.
नाव त्याचं अबक कखग.
पासवर्ड कधी विसरत नाही,
कुकरची शिट्टी ऐकून मध्येच उठत नाही,
हप्ता भरतो, पावती घेतो, निघून जातो.
सकाळी मी येतो तेव्हा पडदाभर हिरवंगार,
मावळातल्या भातखाचरासारखं.

आणि शेजारच्या टेबलावर चारुलता घुले
डब्याच्या पिशवीतून आधी चष्मा काढतात, मग तीन जुने फोन:
एकाची काच तडकलेली, एकाची बॅटरी फुगलेली,
एकात भाच्याचे गेम, जागा शिल्लक नाही.
'बघू या,' म्हणतात,
आणि परक्या घरात फडताळ उघडावं तसं
आमचं पतसंस्थेचं अ‍ॅप उघडतात.

एकदा विचारलं होतं, टेस्ट केस कुठे लिहिल्यात?
म्हणाल्या, अजून घडल्या नाहीत.

त्या ओके दाबतात आणि लगेच परत.
पुन्हा ओके. भांडण झाल्यासारखं.
रक्कम लिहून ठेवतात, आणि
मुंढव्याच्या पुलावर बस अडकून
नेट जाईपर्यंत थांबतात.
अक्षर मोठं करतात, अजून मोठं,
इतकं की 'रद्द करा' पडद्याबाहेर पडतं
आणि माणसाला माघार घेता येत नाही.

वडील त्यांचे भोसरीत तपासनीस होते.
गेज लावायचे. बसला, पास.
मग पास झालेला जॉबही
एकदा अंगठ्याखालून फिरवायचे.
का, तर गेजला बर लागत नाही,
अंगठ्याला लागतो.
हे सांगताना त्या टोमणा मारत नव्हत्या.
मला लागला.

गेल्या मंगळवारी निषाद सरांनी तक्ता दाखवला:
माझा खांब छताला टेकलेला,
त्यांचा गुडघ्याएवढा.
तीन महिने, सोळा बग, दर बगामागे खर्च इतका.
'हाताचं काम कमी करू या.'
मी मान डोलावली. लिहून ठेवतो,
कारण त्या ओळीपुढे
लाल दिवा लावणारं दुसरं कुणी नाही.

त्याच दुपारी चारूताई चहाला खाली गेल्या.
गेटवरच्या वॉचमनना म्हणाल्या, काका, आडनाव काय तुमचं?
'कुऱ्हाडे.'
वर आल्या, उभ्याउभ्याच टाइप केलं.
हयातीच्या दाखल्यावर उमटलं:
कु, मग एक रिकामा चौकोन, मग हाडे.
खात्याशी नाव जुळेना. दाखला नामंजूर.
माणूस खाली गेटवर उभा, शिट्टी गळ्यात,
आणि आमच्या लेखी त्याची हाडेच.

दोन हजार तीनशे चौदा वेळा
अबक कखग सुखरूप होता.
त्याच्या नावात ऱ्ह नव्हता.
गोऱ्हे, बऱ्हाटे, वऱ्हाडपांडे,
कऱ्हेच्या काठची गावंच्या गावं
मी हिरव्या रंगाखाली झाकून घरी जात होतो.

त्या रात्री थांबून दोन हजार तीनशे पंधरावी लिहिली.
आता कुऱ्हाडे रोज दोनला लॉगिन करतील,
मी असो नसो, चारूताई असोत नसोत,
दिवाळीच्या रात्रीसुद्धा.
यंत्राचं हे इमान मला लहान वाटत नाही.
दाखवलेला खड्डा ते विसरत नाही.
फक्त वाट सोडून
कुणाला आडनाव विचारायला जात नाही.

सकाळी म्हटलं, ऱ्ह पक्का केला, पुन्हा सुटणार नाही.
'छान,' म्हणाल्या, वर न बघता.
तडकलेल्या काचेवर अंगठा फिरत होता.
'हे बघ ना, खातं दोघांचं आहे,
आणि बाईनं आधी माहेरच्या नावानं...
थांब.
जरा बोलू नकोस.'