वळणावरून ओळख

लोंढ्याचा ऑस्विन बुटाच्या खोक्यातून इंजीन घेऊन आला.
आजोबा शेडमध्ये फोरमन, मीटरगेजच्या काळातले.
घरी मात्र हे तळहाताएवढं चालवायचे, जेवणाच्या टेबलावर,
आमटीच्या भांड्याला वळसा घालून.
पुण्याचा एकजण विकत घेतो म्हणालाय.
मोटार कुठली, तेवढं लिहून द्या.

उद्यमबागेत माझ्याकडे येतात त्या पाच अश्वशक्तीच्या,
गिरणीतल्या, रसवंतीतल्या, विहिरीत बुडून मेलेल्या.
ही चिमटीत मावली.
रेडिओ बंद केला. भिंग डोळ्याला लावलं.

नाव घासून गेलेलं. अक्षर उरलंय एकच,
सरळ धरलं तर एम, उलटं धरलं तर डब्ल्यू.
म्हणजे आता नावाशिवाय बघायचं.

चुंबक नालेसारखा, जाड.
टाचणी लावली; धरली त्यानं, पण मनापासून नाही.
कुणीतरी कधीतरी आर्मेचर काढून त्याला तसाच ठेवला असणार,
मध्ये लोखंडाचा तुकडा न देता.
चुंबक रिकामा राहिला की विसरतो.

कम्यूटेटर नळीसारखा, चपटा नव्हे. जुन्यातला.
एक ब्रश कार्बनचा, दुसरा तांब्याच्या जाळीचा.
ही जोडी कुठल्या कारखान्यानं लावली नसणार.

ध्रुव तीन.
दोन ध्रुवांची असती तर कधीमधी नेमकी अधेमध्ये थांबली असती.
मग कितीही करंट द्या, नुसती गुणगुणते,
बोटानं ढकलावी लागते.
तिसरा असला की सुटते.
आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग हिरवं रेशीम.
रेशमी वेष्टनाची तार, युद्धाच्या आधीची, असं वहीत लिहिलं
आणि खोडलं.
तार साधी इनॅमलची होती.
रेशीम वरून बांधलेलं, वेढे सुटू नयेत म्हणून,
एक धागा, लुगड्याच्या काठातला, अजून चमकणारा.
सुईनं टोक उचललं.

गाठ.
मोटारवाल्याची नव्हे. तुटलेला ताणा जोडतात ती,
चपटी, फणीतून न अडखळता जाणारी.

शहापुरात माझी आत्या तुंगाक्का मागावर बसायची.
दुपारी खडखड थांबली की अण्णा तिच्याकडे बारीक कामं न्यायचे.
केसासारखी तार त्यांच्या हातात तुटायची,
तिच्या हातात नाही.
दुकानाच्या पाटीवर अण्णा, पावतीवर अण्णा,
तिला नगामागे बारा आणे आणि उरलेलं तांबं.
डावखुरी होती. आजी त्यावरून तिला
पाहुण्यांसमोर वाढू द्यायची नाही.

वेढे मोजले. तिन्ही ध्रुवांवर सारखेच,
आणि तिन्ही उलटे.

चिठ्ठीवर लिहिलं:
सांगाडा, चुंबक विलायती असावा. खात्री नाही.
आर्मेचर दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचं.
वाइंडिंग तुंगाबाई होसूरकर, शहापूर.

ऑस्विननं दोनदा वाचलं.
"यानं किंमत उतरते काय वो?"
"उतरते की."
"किती?"
"निम्मी तरी."

काउंटरवर हातभर रूळ मांडला, बारा व्होल्ट दिले.
आधी तेलाचा वास, मग एक ठिणगी,
आणि पुढं म्हटल्यावर इंजीन मागं निघालं,
पकडीला, चहाच्या ग्लासाला मागं टाकत.

ऑस्विन हसत सुटला.
"आजोबा सांगायचे, हे ऐकत नाही म्हणून.
तारा बदलल्या नाहीत पण त्यांनी कधी.
आम्ही पोरं मागंलाच पुढं म्हणायचो."

मी चावी फिरवली नाही.
रूळ संपेपर्यंत जाऊ दिलं,
आणि टोकाला हात धरला. डावा.